ताई नसतानाचे नऊ आठवडे

शाश्वतता आराखडा हे शब्द ताईंना कधी पचलेच नाहीत. ज्या वस्तीत रस्त्यावरचे पांढरे पट्टे चार महिने टिकत नाहीत, तिथं शाश्वत काय डोंबल असणार, असं त्या उघड म्हणायच्या आणि मग मुकाट्यानं लिहायला बसायच्या.

पैसा थांबल्यावर काम कसं टिकेल, हे त्या आराखड्यात लिहिणं भाग होतं. मुलांना नशेची चटक लागायच्या आत अडवायचं, हे ताईंचं काम. सहा वर्षं एका संस्थेच्या पाठबळावर ते चाललं होतं आणि वर्षअखेरीस संस्था हात काढून घेणार होती. यात वाईटपणा कुणाचाच नव्हता, करारच तसा होता. प्रश्न उरला होता खोलीचा. वाचनालयाच्या मागची ती एक खोली पालिकेनं वापरायला दिली होती, आणि तिच्यात बसूनच सगळं उभं राहिलं होतं. आता संस्थेच्या मॅडम येऊन एकच गोष्ट पाहणार होत्या: ताईंवाचून हे काम चालतं का? चालत असेल तर खोली आणखी पाच वर्षं वस्तीच्या ताब्यात. नसेल तर कुलूप. पालिकेला तिथं रस्त्यावरचे मोडके दिवे ठेवायचे होते.

आणि पंचाईत अशी, की ताईंवाचून काम चालतं का याची परीक्षा नुकतीच होऊन गेली होती.

वाचनालयाच्याच जिन्यावरून त्या पडल्या. पाय दोन ठिकाणी मोडला. नऊ आठवडे प्लास्टर. त्या नऊ आठवड्यांत खोली उघडली नाही, महिन्याची बैठक झाली नाही, कुणी काही कळवलं नाही. माणसं घरी यायची, नाही असं नाही. औषधवाले काका आले, लॉन्ड्रीवाल्या मावशी दर रविवारी धुतलेल्या चादरी घेऊन आल्या, बसचा ड्रायव्हर तर दिवसाआड टपकायचा. पण उशाशी बसून काय बोलायचे? हवापाणी. ताईंनी "काय चाललंय मग?" असं विचारलं की "चाललंय" म्हणायचे आणि सूपचा वाडगा पुढे सरकवायचे. ताईंनी त्याचा अर्थ लावला तो लावला. जिच्या भरवशावर गाडी चालली होती ती आडवी झाली, गाडीही आडवी झाली. सहा वर्षांत एवढंच कमावलं.

प्लास्टर निघाल्यावर त्यांनी आराखड्यात खरं तेच लिहिलं. लिहिलं म्हणजे, खुर्चीवर पाय लांब करून तोंडानं सांगितलं आणि लेकीनं टाइप केलं. "समन्वयक रजेवर असतानाचा काळ, नऊ आठवडे. झालेलं काम: शून्य." लेक क्षणभर थांबली होती. "शून्यच लिहू?" म्हणाली. "मग काय लिहिणार, पाढे?" असं ताई वैतागून म्हणाल्या होत्या. पोरीनं निमूटपणे शून्य लिहिलं.

इथं ताईंच्या कामाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पहिल्या वर्षी त्यांच्याकडे एक वही होती. कुठला मुलगा, कुणाचा, काय घेतो, कधीपासून, सगळं नावानिशी. वही टेबलावर राहिली, कुणीतरी चाळली आणि एका मुलाचं नाव फुटलं. चार दिवसांत शाळेत त्याला गोळीवाला म्हणायला लागले. महिन्याभरात ते कुटुंब घर सोडून गेलं, कुठं गेलं ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. ताईंनी त्या वहीच्या चिंध्या केल्या आणि पुढच्या बैठकीत, डोळे सुजलेले असतानाच, नियम घातला. यापुढे मुलाचं नाव लिहायचं नाही. बोलायचंही नाही. मूल कबूल असेल तर दवाखान्यातल्या सिस्टरकडे न्यायचं, बाकी कुणाच्या कानावर घालायचं नाही.

"तुमच्याही नाही?" तेव्हा काकांनी विचारलं होतं.

"माझ्याही नाही."

मग राहिलं काय? राहिला एक प्रश्न. शाळा सुटते चारला आणि घरची मोठी माणसं कामावरून परततात सातला. मधले तीन तास मुलं मोकाट. त्या तीन तासांत वस्तीतल्या मोठ्या माणसांनी आपापल्या जागेवरूनच, दुकानातून, बसमधून, फाटकाजवळून, लक्ष ठेवायचं. आणि चेहरा उतरलेला दिसला तर एवढंच विचारायचं: काल झोप कशी लागली? नशा करतोस का, असं कुणी विचारलं तर कुठलंही मूल नाही म्हणणार. झोपेबद्दल मात्र कुणी खोटं बोलत नाही. उत्तर आलं की जीभ दाताखाली धरायची, उपदेश करायचा नाही, बसायचं. ताईंनी चाळीसएक माणसांना हे शिकवलं, पुन्हा पुन्हा, रागावून, हातापाया पडून.

त्यामुळे सहा वर्षांच्या कामाचा लेखी पुरावा म्हणून त्यांच्या कपाटात काय होतं, तर बैठकीला किती माणसं आली त्याची नोंदवही. चहा पिणाऱ्यांची शिरगणती म्हणा ना.

मॅडम आल्या त्या दुपारी खोलीत चौदा खुर्च्या मांडल्या होत्या आणि अकरा माणसं आली होती. ट्यूबलाइट मधूनच फडफडत होती. मॅडम उंच, शांत, पेनाचं टोपण नीट मागे लावून लिहिणाऱ्या. ताईंना त्यांच्याबद्दल राग नव्हता, पण आपला निकाल लावायला आलेल्या माणसानं इतकं सभ्य असू नये असं वाटत होतं. लेक शाळेतून अर्ध्या दिवसानं आली होती. ताईंना अजून काठी लागायची, पिशवी आणि कागद उचलायला कुणीतरी हवं होतं. सोळा वर्षांची पोर, दाराजवळच्या खुर्चीवर कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. घरात त्या दोघीच. वडिलांनी दुसरीकडे संसार थाटला त्याला आता सात वर्षं झाली होती.

मॅडमनी आराखडा वाचला होता, अगदी परिशिष्टांसकट. त्यांनी बोट नेमकं त्याच ओळीवर ठेवलं.

"ताई प्रामाणिक आहेत, त्यांनी शून्य लिहिलंय. पण मला तुमच्याकडून ऐकायचंय," त्या बाकीच्यांकडे वळल्या. "त्या नऊ आठवड्यांत तुमच्यापैकी कुणी, एका तरी मुलासाठी, काही केलं का? एक उदाहरण पुरे. त्यावर मी खोलीची शिफारस करू शकते."



औषधवाले काका चष्मा पुसायला लागले. लॉन्ड्रीवाल्या मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. ताईंची नजर ड्रायव्हरवर गेली. या माणसाला अख्खी वस्ती रेडिओ म्हणायची. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या घरात उंदीर झाले, सगळं पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत बसभर कळायचं. तो काहीतरी बोलेल, निदान थाप तरी मारेल, असं ताईंना वाटलं. पण रेडिओ जमिनीकडे बघत बसला होता.

"एकही नाही?" मॅडमनी विचारलं.

ताईंचे कान तापले. अरे, एकानं तरी तोंड उघडा, त्या मनात म्हणत होत्या. खोली चाललीय डोळ्यांदेखत. सहा वर्षं तुमच्या मागे फिरले, आणि नऊ आठवड्यांत एका पोराला साधं विचारलंही नाहीत? त्यांना रडू येत होतं, आणि त्याहून जास्त संताप. मॅडमनी पेनाचं टोपण काढून हातात घेतलं. ते लावलं की संपलं, हे सगळ्यांना दिसत होतं. तरीही अकराच्या अकरा माणसं गप्प.

"मी आहे," दाराजवळून आवाज आला.

लेक उभी राहिली होती. मांडीवरचे कागद खाली सांडले होते.

"तू कागद दे इकडे," ताई म्हणाल्या. त्यांना वाटलं, पोर आईला वाचवायला काहीतरी रचून सांगतेय.

"आई, ऐक. त्यांनी उदाहरण विचारलं ना? ते उदाहरण मी आहे." मग ती मॅडमकडे वळली. "आईच्या पायासाठी दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. आईला मळमळायचं, तिनं दुसऱ्या आठवड्यात बंद केल्या. त्या मी घेत होते. आधी एकदा डोकं दुखत होतं म्हणून घेतली. मग झोप छान लागते म्हणून. मग रोज. चिठ्ठी होतीच, संपल्या की मीच जाऊन आणायचे."

लेक मॅडमकडेच बघत होती.

"आता घेत नाही. आज सेहेचाळीस दिवस झाले." मग तिनं काकांकडे, मावशींकडे, रेडिओकडे एकेक करून पाहिलं. "सांगा तुम्ही. माझी हरकत नाही."

ताईंच्या हातातली काठी निसटली ती कुणी उचलली त्यांना कळलं नाही. औषधं कुलपात ठेवा, असं घरोघर वाटलेलं पत्रक त्यांनी स्वतः लिहिलं होतं. आणि त्यांच्या त्या गोळ्या पलंगाशेजारच्या उघड्या खणात होत्या, चष्म्याच्या घराशेजारी. असू देत घरात, असं त्याच म्हणाल्या होत्या.

काकांनी चष्मा चढवला. बोलण्याआधी त्यांनी पुन्हा एकदा पोरीकडे पाहिलं, तिनं मान हलवली, तेव्हा कुठे ते बोलले.

"तिसऱ्यांदा आली तेव्हा चार दिवस आधी आली. मी ताईंना फोन केला. म्हटलं, गोळ्या मानवतायत का? ताई म्हणाल्या, छे हो, मी केव्हाच सोडल्या."

ताईंना तो फोन आठवला. काका पुढे उकाड्याबद्दल बोलत राहिले होते आणि फोन ठेवल्यावर ताई मनाशी म्हणाल्या होत्या, म्हातारा फारच रिकामटेकडा झालाय.

"दुसऱ्या दिवशी ही आली," काका म्हणाले. "मी म्हटलं, डॉक्टरांची नवी चिठ्ठी लागेल. आणि विचारलं, काल झोप कशी लागली? तशी ती काउंटरवर डोकं ठेवून रडली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि स्टूल दिलं. दीड तास बसली. मी काही बोललो नाही. म्हणजे बोलायचं फार मनात होतं, पण ताईंनी शिकवलंय ना, जीभ दाताखाली. मग तिच्याबरोबर सिस्टरकडे गेलो. गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत म्हणाल्या सिस्टर, हळूहळू कमी केल्या. रोजची तेवढीच गोळी दुकानातून द्यायची, घरात ठेवायची नाही, असं ठरलं."

"तुमच्याकडे पण येत होती?" मावशी चमकून म्हणाल्या.

आता सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं.

"मला वाटलं मला एकटीलाच माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "हिच्या शाळेच्या शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेल्या दोन गोळ्या निघाल्या. मी शर्टाला इस्त्री केली, गोळ्या बाजूला ठेवल्या. ती कपडे न्यायला आली तेव्हा म्हटलं, मला टॉवेलच्या घड्या घालायला माणूस मिळत नाही, येशील का चार ते सहा? खोटंच होतं, घड्या मी एकटी घालते. तीन आठवडे रोज आली. कधी बोलायची, कधी नुसत्या घड्या. आणि घड्या इतक्या वाईट घालते ही, की ती गेल्यावर मी सगळ्या परत घालायचे."

लेक हसली. ताईंनी तिला कितीतरी दिवसांनी असं हसताना पाहिलं.

"बरं, आता माझंही ऐका," रेडिओ म्हणाला. "पोरगी आपल्या थांब्यावर उतरायचीच नाही. झोपलेली. दोनदा डेपोपर्यंत गेली. दुसऱ्यांदा मी विचारलं झोपेचं. ती म्हणाली, रेडिओकाका, तुम्हाला सांगितलं तर उद्या सगळ्या गावाला कळेल. मला लागलंच ते. खरं होतं ना. मी म्हटलं, बाई, एकदा बघ सांगून. तेव्हापासून ती माझ्या मागच्या सीटवर बसते. थांबा आला की मी खोकतो. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. बायको म्हणते, तुम्हाला बरं नाहीये का, हल्ली बोलत का नाही? आता एक गोष्ट पोटात ठेवायची तर बाकीच्याही ठेवाव्या लागतात, नाहीतर एकीबरोबर दुसरी सुटते. ताई, इतके आठवडे माझा जीव चाललाय."

खोलीत हशा पिकला, आणि हसताहसताच दोघातिघांनी डोळे पुसले. तिघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, पोरीला आपणच एकट्यानं धरलंय, हात सुटला तर गेली. एकीकडून दुकान, एकीकडून लॉन्ड्री, एकीकडून बस, मधे एक पोर, आणि कुणालाही माहीत नाही की दुसऱ्या बाजूनंही कुणीतरी धरलंय.

ताईंना आधी राग आला, तो सांगायलाच हवा. हीच माणसं उशाशी बसून हवापाणी बोलत होती. त्यांच्याच पोरीबद्दल त्यांच्यापासून लपवलं. आईपासून. तोंडापर्यंत शब्द आले होते, आणि तिथेच त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, माझ्याही नाही, असं ठणकावून सांगणारा. मग त्या नुसत्या बघत राहिल्या. रोजची माणसं. काकांच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं. मावशींच्या बोटांना वाफेनं पडलेल्या सुरकुत्या. रेडिओचा ढगळ गणवेश. यांना त्यांनी शिकवलं होतं, त्यांच्या चुका काढल्या होत्या, बैठकांतल्या त्यांच्या गळतीला कंटाळल्या होत्या. आता त्यांच्यासमोर मान वर करून बघायचं धाडस होईना. आपण लावलं ते आपल्यापेक्षा केवढं मोठं झालंय, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता, या विचारानं ताईंच्या अंगावर काटा आला. सगळं शून्य झालं असं समजून त्या पडून होत्या त्या नऊ आठवड्यांत त्यांच्याच घरातलं माणूस या लोकांनी तळहातावर जपलं होतं.

मॅडमनी बराच वेळ काही लिहिलं नव्हतं. त्यांनी आता कागद पुढे ओढला.

"मुलीचं नाव काय लिहू?"

"नाव लिहायचं नाही," अकरा माणसांतली निदान आठ एकदम म्हणाली.

मॅडम जराशा दचकल्या. मग हसल्या, ते पहिलं हसू. "मग काय लिहू?"

"काम चालू होतं, एवढं लिहा," मावशी म्हणाल्या.

मॅडमनी शून्यावर काट मारली आणि मावशींचेच शब्द शेजारी लिहिले. शिफारस करते म्हणाल्या, पालिकेचं पत्र महिन्याभरात येईल. जाताना त्या ताईंसमोर थांबल्या, काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण त्यांनीही बहुधा जीभ दाताखाली धरली. ताईंचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि गेल्या.

माणसं उठली. रेडिओ आता सुटला होता, तो दारात उभा राहून सहा वर्षांपूर्वीचं काहीतरी रंगवून सांगत होता. लेक खुर्च्या एकात एक ठेवत होती. ताईंनी काकांना कोपऱ्यात गाठलं.

"एक सांगा. ती आज बोललीच नसती, तर तुम्ही मला कधीच सांगणार नव्हतात?"

"असं कसं?" काका म्हणाले. "सिस्टरनी पहिल्याच दिवशी अट घातली होती. आईपासून कायमचं लपवायचं नाही. आई पायावर उभी राहिली की तारीख ठरव, त्या तारखेपर्यंत तू नाही सांगितलंस तर आम्ही सांगू. तिनं कबूल केलं. प्लास्टर निघाल्यावर दोन दिवसांनी दुकानात आली आणि तारीख देऊन गेली."

"कुठली दिली?"

"आजची." काकांनी चष्मा खाली करून खुर्च्या रचणाऱ्या पोरीकडे पाहिलं. "मी म्हटलं, अगं, इतकी लांबची कशाला? आणि त्या दिवशी तर बैठक आहे, सगळे असतील. तर म्हणाली, म्हणूनच."

ताईंना हिशेब लागायला वेळ लागला नाही. प्लास्टर निघाल्यावर दोन दिवसांनी, म्हणजे ज्या दिवशी पोरीनं ते शून्य टाइप केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.

त्या काठी टेकत खुर्च्यांपाशी गेल्या. लेक पाठमोरी होती.

"सगळ्यांसमोर बोलावं लागणार, हे तुला माहीत होतं."

"हो."

"घरी, मला एकटीला सांगता आलं असतं. मी काय तुला खाल्लं असतं का?"

"तुला सांगितलं असतं तर तू कुणाला सांगितलं नसतंस. नियम तुझाच ना." पोरीनं शेवटची खुर्ची वर चढवली आणि वळली. "आणि यांचं म्हणशील तर मला माहीत होतं, आई. खोली गेली असती, सगळं गेलं असतं, तरी यांच्यापैकी कुणीही माझं नाव घेतलं नसतं. म्हणून मीच घेतलं."